दोन सिस्टर मोर्शीले उतरल्या

वरूडहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर ललिता सिस्टर बसल्या होत्या. त्यांच्याच सरकारी दवाखान्यातली पौर्णिमा सिस्टर बसमध्ये चढली आणि त्यांना पाहून दचकली.

“पौर्णिमा, तू रजेवर ना? चालली कुठं?”

“नणंदेकडे, ताई. अन तुमी?”

“साडी घ्याले... जाऊ दे, तुह्याशी काय खोटं बोलू. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्याले चालली. कॅन्सरची.”

“काहून, काही त्रास हाय का?”

“त्रास नाही वं. परवा शेंदूरजनाच्या शिबिरात एका बाईनं विचारलं, सिस्टर, तुमी सोता केली का? तवाच ठरवलं, आधी सोताची करून घ्याची.”

“मंग आपल्याच दवाखान्यात काहून नाही केली?”

“लाज वाटते. रोज सोबत डबा खातो आपन.”

“ताई, माही नणंद तर अकोल्याले राहते.”

“मंग तू अमरावतीले कायले चालली?”

“त्याच तपासणीसाठी. मलेबी तुमचीच लाज वाटली.”

दोघी इतक्या हसल्या, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

“अन ताई, बायांले आपन काय सांगतो? पाच मिनटाचं काम हाय, दुखत नाही, लाजू नका.”

“चाल, मोर्शीले उतरू अन वापस जाऊ. तू माही कर, मी तुही करतो.”

“मले हासू आलं तं?”

“हास. पन आधी नीट पाहून घे.”

मोर्शी आली. त्या उठल्या, तशी माझ्या शेजारची बाईही पिशवी घेऊन उठली.

“सिस्टर, तिघीची होते का आज?”

“होते न. चाला.”