प्लॅस्टिकखालचा शिक्का

“हॅलो? … हॅलो, ताई? … हो, हो, पोचलो. अगं ऐक ना… पोचलो म्हणजे पुलाच्या अलीकडे. … नाही, अजून सोडलं नाही. … दोघंही मजेत आहेत. दोघंही इथंच, माझ्या डोळ्यांसमोर.”

यातलं शेवटचं वाक्य निम्मंच खरं होतं. वकील बाकावर बसून भिंतीवरचे नियम वाचत होता. वकील म्हणजे ताईचा थोरला. वय वर्षं आठ, पण ‘असं कुठं लिहिलंय?’ हे विचारल्याशिवाय दातही घासायचा नाही, म्हणून मावशीनं ठेवलेलं नाव. धाकटी भिंगरी साडेतीन वर्षांची. ती या क्षणी कुठं होती हे सांगणं कठीण, कारण पुढच्या क्षणी ती तिथं नसायची. मावशी स्वतः सीमाचौकीच्या दोन नंबरच्या खिडकीपासून चार पावलांवर, फोन कानाला आणि फाईल काखेत धरून उभी. चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. खिडकी पाचला बंद होते आणि उद्या सुट्टी, हे वकिलानंच भिंतीवरून वाचून दाखवलं होतं.

“तू कुठंयस? … कठड्यापाशी? थांब, जाळीतून बघते. हात वर कर. … अगं दोन्ही कर, एकानं काय होतंय! … दिसलीस! हिरवा ठिपका. … वाळलीस गं. … बरं, चारशे मीटरवरून कुणीही वाळलेलंच दिसतं. … हो, दाखवते पोरांना. आधी ऐक.”

ताई पलीकडच्या इस्पितळात परिचारिका होती. चौदा महिने झाले तिला जाऊन. तिचा परवाना एकाच फेरीचा: पूल ओलांडून अलीकडे आली की पुन्हा कामावर जाता येणार नाही. म्हणून आईनं मुलांकडे यायचं नाही, मुलांनीच आईकडे जायचं, असं ठरलं. दाजी मालट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, तेव्हा मुलांना न्यायचं काम मावशीच्या गळ्यात पडलं. ताईला रजा दोनच दिवसांची मिळाली होती, आज आणि उद्या. पुढची सहा महिन्यांनी.

“पासपोर्टचं काही नाही गं. त्यावर शिक्का बसला. पोरांना रस्त्यानं जाताना जन्मदाखला चालतो, तूच तर सांगितलंस. … मूळ प्रत, हो. … दोघांचीही मूळच! नुसती झेरॉक्स घेऊन येईन का मी? … संमतीपत्र दिलं. तुझी सही, दाजींची सही, खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं. … मग अडलंय म्हणजे… अडलंय असं नाही… भिंगरीचं झालं. … हो, झालं! … वकिलाचं बघतायत. … बघतायत गं. वेळ लागतो माणसाला. … चिडत नाहीये मी.”

मावशी पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं वहीत आकडा चुकला तर खोडरबर लावायची बंदी. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चार वर्षांत तिनं अशा कितीतरी सह्या केल्या होत्या. पण ताईपुढं जीभ रेटेना.

“सांगते. ओरडू नकोस. … ओरडतेयस. … वकिलाचा दाखला लॅमिनेट केलेला आहे. … हो, प्लॅस्टिकमध्ये. … त्यामुळं काय म्हणजे? कागदावर दाबून उठवलेला शिक्का असतो ना, बिनरंगाचा, तो बोटाला लागायला हवा. बाई अंगठा फिरवून बघतात. भिंगरीच्या कागदावर लागला. याच्यावर सगळं गुळगुळीत. … खोटा आहे असं नाही म्हणत त्या! म्हणतात, ‘मला कळत नाहीये, आणि न कळता मी लहान मूल सोडत नाही.’ … काय भांडू? चांगल्या आहेत गं. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही, तीच तर पंचाईत. … कुणी केलं? … काय माहीत… आबांनी केलं असेल. … त्यांना असतेच ना हौस, परवा विजेचं बिलसुद्धा… हो, विचारते घरी गेल्यावर.”

घरी बसलेल्या आबांना, म्हणजे या दोघींच्या वडिलांना, त्या क्षणी उचकी लागली असेल तर नवल नाही.

“काय? … भिंगरीला एकटीला? ताई, साडेतीन वर्षांची आहे ती! … मी सोडायला येईन, पण एकदा पलीकडे पाऊल टाकलं की आज मला परत येता येत नाही. मग हा इथं कुणाजवळ राहील? … बाईंजवळ कसा ठेवू, सामान आहे का तो? … ऐकतोय गं, सगळं ऐकतोय. … म्हणतोय, ‘तिला जाऊ दे, मी थांबतो.’ … सकाळपासून सहा वेळा केस विंचरलेत त्यानं. … हो, डावीकडे भांग. तुला आवडतो म्हणून.”

हे शेवटचं ती जाळीकडे तोंड करून, हळू म्हणाली. वकिलानं तरी ऐकलंच. त्यानं खिशातला कंगवा आणखी खोल ढकलला आणि पुन्हा नियम वाचायला लागला, यावेळी खालून वर.

“सोलून काढू? … नाही! नाही, सोलायचं नाही. … अगं गरम रोलरमधून काढतात ते. गोंद शाईला धरतो. प्लॅस्टिकबरोबर त्याचं नाव, तुझं नाव, तारीख, सगळं निघून येईल. शिक्का राहील आणि मुलगा जाईल. … मला माहीत आहे. … कारण दुकानदारानंच बजावलं होतं. … कुठला दुकानदार म्हणजे…”

झालं. आपणच खणलेल्या खड्ड्यात मावशी आपल्याच पायांनी उतरली होती. छतावरचा पंखा करकरत होता. खिडकीतल्या बाई मान खाली घालून दुसऱ्या कुणाचे कागद लावत होत्या.

“मी केलं, ताई. … आबांनी नाही, मी. मागच्या महिन्यात. … तू म्हणालीस, कागद जिवापाड जप. मी म्हटलं, बसचा प्रवास, भिंगरीच्या हातात कायम पाण्याची बाटली… भिंगरीचाही करणार होते. दुकानातली वीज गेली, नाहीतर दोन्ही… हो. नशीब म्हणायचं. … हॅलो? … बोल ना. शिव्या दे, पण बोल. … ताई, हिरवा ठिपका खाली बसलेला दिसतोय मला. ऊठ. … माझ्यासाठी नको, पोरं जाळीशी येतील आत्ता, त्यांना बसलेली नको दिसूस. ऊठ गं.”

ठिपका उठला. चार एकोणचाळीस.

“भिंगरे, ठेव ते! … तुला नाही गं, हिला. काखेतून फाईल कधी घसरली कळलंच नाही… दाखला घेतलाय हिनं. आरसा करून उन्हात धरलाय, छतावर कवडसा नाचवतेय. … भिंगरे, देतेस की येऊ? एक… दोन… थांब. … थांब, थांब, हलू नकोस! तस्साच धर. … वकिला, तिचा हात धर. जरा वाकडा. अजून. … ताई, एक मिनिट, बोलू नकोस.”

जाळीतून आलेलं ऊन प्लॅस्टिकवरून तिरकं घसरत होतं. कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल उमटला: काठाला बारीक दाते, आत अक्षरांच्या केसाएवढ्या सावल्या. हात सरळ झाला की गोल गायब. वाकडा झाला की हजर. काचेच्या भांड्यावरचा ओरखडा मावशी रोज असाच शोधायची, बाजूनं उजेड टाकून. आणि आज पाऊण तास ती या कागदाकडे सरळच बघत राहिली होती.

“ताई, आहे! शिक्का आहे आत! … बोटाला नाही लागत, पण सावली पडते. … अगं टेकडीची सावली भर दुपारी दिसते का? कलत्या उन्हात लांब पडते ना? तसंच. … जाते खिडकीशी. … नको, फोन चालू राहू दे, त्याचाच टॉर्च लावतेय.”

तिनं फोन खिडकीच्या फळीवर आडवा ठेवला. टॉर्चचा उजेड दाखल्यावरून सपाट वाहत गेला. ताईला आता ऐकू येत होता फक्त मावशीचाच आवाज, जरा लांबून.

“बाई, मीच मघाची. … हो, माहितीये, एकच मिनिट. तुमचा टेबलावरचा दिवा मालवाल? … आता वरून नका बघू. डोळा फळीच्या पातळीला आणा. … अजून खाली. … दिसला? … हा धाकटीचा दाखला शेजारी ठेवला. तेच कार्यालय, तोच गोल, काठाला तेवढेच दाते. … हवं तर मोजा. हा मोजतोयच बघा. … लॅमिनेशन मी केलंय. चूक माझी आहे, मुलाची नाही. … लिहून देते. … हो, खाली सही करते. … परत आल्यावर नवी प्रत काढते, पहिलं काम तेच.”

बाईंची हनुवटी फळीला टेकली होती आणि चष्मा कपाळावर गेला होता. एक डोळा मिटून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. मावशीनं चार ओळी लिहिल्या, सही केली. वकिलानं टाचा उंच करून ती सही नीट तपासली.

धप्प.

“ऐकलंस? … तोच तो आवाज! … दोघंही, ताई, दोघंही! … चार त्रेपन्न. … रडू नकोस, नीट उभी राहा. निघालो.”

पुलावर वारा होता. मावशी मधे, डाव्या हाताला वकील, उजव्या हाताला भिंगरी, आणि फोन मान वाकडी करून खांद्यात दाबलेला.

“ओरडून बोल, वारा खातोय सगळं. … केस? विंचरले, सातव्यांदा. … भिंगरी फोन मागतेय. देते. … बोलली का? … पापा घेतला तिनं तुझा. फोन ओला झालाय पार.”

भिंगरीची आई तळहाताएवढी होती. ती बोलायची, हसायची, मधेच अडकून दगडासारखी थिजायची, कानाला धरली की गरम व्हायची. झोपताना भिंगरी तिला पांघरूण घालायची. मग आता समोर कठड्याशी हिरव्या कपड्यातली कुणी बाई दोन्ही हात हलवत होती, तिच्याशी भिंगरीचं काय काम?

“ताई, ऐक ना… अगं तू हाक मारतेस आणि ही फोनकडे बघते. … हो, वकिलानं ओळखलं. त्यानं… सुटला! हात सोडून पळाला बघ! … आला? … धर त्याला, धर! … घट्ट. … विस्कटू दे केस, आठव्यांदा विंचरेल. … आता ही. पंचवीस पावलं राहिलीत. … नको, मारू नकोस हाक. फोनमधून नको. … मी बंद करतेय. मुद्दाम करतेय, रागावू नकोस. … बंद झाला की मार. मोठ्यानं, नुसत्या गळ्यानं. … हो. … हो गं. ठेवते.”

मावशीनं फोन बंद करून भिंगरीच्या हातात दिला. तिनं विझलेल्या पडद्याकडे पाहिलं, तो उलटा करून मागूनही पाहिलं. तेवढ्यात समोरून हाक आली. भिंगरीनं मान वर केली.