मंगेशचा ‘उन्हाळी’

गावकरी मंडळी, गोंदियाहून, गोरेगावहून, नागपूरहून आलेले मित्र, आणि समोर बसलेली मंगेशची माय, आणि सरिता वहिनी.

मी बोलणारा माणूस नाही. मी रोशन पटले, ड्रम वाजवतो, आणि ड्रमवाला नेहमी मागे बसतो. समोर मंगेश असायचा. लोकांकडे तोंड करून उभं राहायची मला सवय नाही. आज राहावं लागतंय. थोडं थांबत थांबत बोलीन, सांभाळून घ्या.

हा माईक आणि हे स्पीकर माझ्याच मंडप-डेकोरेशनचे. सकाळी मीच येऊन लावले. माईक तपासताना सगळे हॅलो हॅलो म्हणतात. मंगेश कधी म्हणायचा नाही. तो आपल्या इथल्या गोरेगावच्या बाजारातली भाजी म्हणायचा. वांगे, कोहळा, चवळीच्या शेंगा, लाखोरीची भाजी. सगळी भाजी म्हणून झाली की मागे वळून मला विचारायचा, “ऐकू येऊन राहिलं का?” सकाळी मी माईक हातात घेतला आणि मला हॅलोसुद्धा म्हणता आलं नाही.

मंगेश चुटे, धानाच्या रोपांवरून नाव ठेवलेल्या आमच्या ‘पऱ्हे’ बँडचा गायक, बास गिटारवाला, गेला. चौतीस वर्षांचा होता. या थंडीत त्याच्या छातीत त्रास सुरू झाला, नागपूरला नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की त्याला सिकलसेल होता. रक्तातला आजार, लहानपणापासून. मंगेशला त्याच्या आजारावर कोणी बोललेलं आवडायचं नाही. पण आमचा अल्बम कसा झाला हे सांगायचं तर आजाराला वगळून सांगता येत नाही. तेवढ्यापुरतं बोलतो. मंगेश, तेवढी माफी दे.

आम्ही तिघं. मंगेश, मी, आणि गिटारवाला अतुल, तो बघा तिकडे खांबाला टेकून उभा आहे. अतुल गोंदियाचा, घरात हिंदी. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच म्हणणं, “हिंदी में कर ना यार, अपने इधर सब हिंदी सुनते हैं.” मंगेश म्हणाला, “मी माय संग भांडतो कोन्या भाषेत? झाडीत. बिमार पडलो का कन्हतो कोन्या भाषेत? झाडीत. मंग गानं हिंदीत कायले?” पुढे झाडीबोलीतल्या त्या ओळींवर गिटारचे सगळ्यात चांगले तुकडे अतुलनेच बसवले.

गाणी तयार झाली तेव्हा आम्ही नागपूरच्या एका स्टुडिओत गेलो. पहिल्यांदा खराखुरा स्टुडिओ बघितला. भिंतींना काळा फोम, जाड काच, आणि आत गारेगार एसी. थंडी म्हणजे मंगेशच्या हाडांची दुश्मन. तो दोन स्वेटर घालून गायला. एसी बंद केला तर आतलं मशीन तापायचं, चालू ठेवला तर मंगेश गारठायचा. दुसऱ्या दिवशी गाता गाता तो खुर्चीवर बसला, गुडघे धरले आणि मला हळूच म्हणाला, “रोशन, पायात सुरू झालं.” ज्यांनी ते दुखणं बघितलं आहे त्यांना मी काय सांगू? एवढा मोठा माणूस अंगाची जुडी करून पडतो, आणि आपण नुसते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसतो. दवाखान्यात सलाईन लावली. तीन दिवसांनी उठून बसला. अतुलला वाटलं, संपलं सगळं. मलाही वाटलं. मंगेश म्हणाला, “ते मशीन थंड्यात जगते, मी उन्हात जगतो. आमचं जमून नाही राहिलं. आपन उन्हाळ्यात करू. आपल्या आमगावात करू.”

तसंच केलं. माझ्या काकांची राईस मिल बंद पडून होती, तिचं गोडाऊन आम्ही झाडून घेतलं. भिंतींना माझ्या मंडपाच्या गाद्या उभ्या लावल्या, वरून कनाती टांगल्या. लगीनसराई होती. त्या वर्षी आमगावात ज्यांच्याकडे लग्न होतं आणि ज्यांचं वऱ्हाड नुसत्या सतरंजीवर बसलं, त्यांना आज सांगून टाकतो, तुमच्या गाद्या तिथे होत्या.

नागपूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या शिवानी मॅडम आपलं सामान घेऊन आल्या. त्याही आज आल्या आहेत. त्यांनी गोडाऊन बघितलं, वरचे टिनपत्रे बघितले, आणि म्हणाल्या, इथे? मी म्हटलं, इथेच. दुपारी ऊन चढलं की पत्रे तडतड करत. माईकमध्ये सगळं यायचं. म्हणून आम्ही पहाट उजाडली की सुरू करायचो आणि पत्रे बोलायला लागले की थांबायचो. पंखा लावता येत नव्हता, कूलर लावता येत नव्हता. मी आणि अतुल घामाने निथळायचो. मंगेश मात्र फुललेला असायचा. एवढा मोकळा आवाज मी त्याचा आधी ऐकला नव्हता. त्या गरमीत त्याची हाडं शांत असायची. पण घाम गेला आणि अंगातलं पाणी कमी झालं तर पुन्हा तेच दुखणं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, सारखं पाणी पीत राहा.

आणि हे काम मायने घेतलं. माय, तू रोज माठ घेऊन त्या दारात बसायचीस. गाणं संपलं की पाणी. नाही संपलं तरी पाणी. एकदा एक गाणं अगदी मनासारखं होत होतं. मंगेश शेवटच्या कडव्यात पोचला आणि दारातून आवाज आला, “पानी पे रे बापू.” शिवानी मॅडमनी कपाळाला हात लावला. पुन्हा घेऊ म्हणाल्या. मंगेशने हेडफोन काढला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “नाही. राहू द्या. इतकं चांगलं पुन्हा नाही होत. आन मायचा आवाजही काही बेसूर नाही.” तो आवाज अल्बममध्ये तसाच आहे. माय, पुण्या-मुंबईच्या पोरांनी तुझा आवाज ऐकला आहे. तू तेव्हा लाजली होतीस. लाजू नको. ते गाणं तुझ्यामुळे पुरं झालं.

अल्बमचं नाव काय ठेवायचं? अतुलने बरीच नावं काढली होती. मंगेश म्हणाला, “उन्हाळी.” आपल्याकडे उन्हाळी म्हणजे उन्हाळ्यातलं धान, हे इथे कोणाला सांगायला नको. इतर पिकं करपतात त्या दिवसांत पाण्यावर उभं राहणारं धान.

मग अल्बम आला. आम्हाला वाटलं होतं, काहीतरी होईल. काय व्हायचं होतं ते आम्हालाही माहीत नव्हतं. पहिले काही आठवडे आमचे पाहुणे सोडून कोणी ऐकला नाही. शारदा उत्सवात आपल्या चौकात वाजवलं, तर पुढे बसलेल्या एका आजोबांनी दुसऱ्या गाण्यानंतर विचारलं, “बापू, भजन येते का एखादं?” मंगेशने लगेच भजन गायलं. मनापासून गायलं. आजोबा खूश झाले. घरी येताना अतुल चिडला होता, मंगेश हसत होता. म्हणाला, “त्याहीनं दोन गाने बसून ऐकले, तेच लय झालं.”

पण पुढे जे झालं, त्याचं त्याला हसू आलं नाही. कोणीतरी त्याच्या आजाराचं कुठेतरी लिहिलं. एका संकेतस्थळावर मोठा लेख आला. त्यात गाण्यावर चार ओळी, बाकी सगळं त्याच्या रक्तावर. ऐकणारे एकदम वाढले. फोन यायला लागले. लोक प्रेमाने बोलायचे, खोटं कशाला सांगू. पण बोलायचे ते तब्येतीचं. एका वाहिनीचे लोक घरी आले, म्हणाले, दवाखान्यात सलाईन लावलेली असताना थोडं गुणगुणता का? मंगेश म्हणाला, “आता बरा आहो ना मी. बसा, पुरं गानं वाजवून दाखवतो. ते घ्या.” त्यांनी ते घेतलं नाही. चहा पिऊन गेले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं मिलच्या ओट्यावर बसलो होतो. मंगेश म्हणाला, “रोशन, आपले गाने ऐकनारे नाही वाढून राहिले. मले पाहनारे वाढून राहिले.” मी म्हटलं, लोकांना कौतुक वाटतं. तो म्हणाला, “कौतुक कायचं? बिमारीचं? बिमारी तर मले मायच्या पोटातून भेटली. गानं मी बनवलं. त्याले कोनी वाईट म्हनून नाही राहिलं, काऊन?”

मंडळी, हे तुम्ही ऐका. त्याला शाबासकी नको होती. त्याचं गाणं वाईट वाटलं तर कोणी तोंडावर वाईट म्हणावं, एवढी त्याची भूक होती. ज्या माणसाला दुखत असतं, त्याला आपण सगळं माफ करून टाकतो. माफ केलेलं गाणं कोण ऐकतं?

गोंदियाच्या एका कॉलेजात कार्यक्रम झाला. संपल्यावर पोरं फोटो काढत होती. तिथे गोरेगावची एक मुलगी आली, एम.ए. करत होती. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, “चौथं गाणं उगाच लांबवलं. गिटार संपतच नाही. आणि ड्रमच्या आवाजात तुमचे शब्द ऐकू येत नाहीत.” अतुलचं तोंड उतरलं. माझंही उतरलं. मंगेश तिला म्हणाला, “अजून?” ती म्हणाली, “अजून सहाव्यात तुम्ही ओरडता. तिथे ओरडायची गरज नाही.” त्याने तिला बसायला खुर्ची दिली. आम्ही सामान गुंडाळत होतो आणि ते दोघं एकेक गाणं घेऊन भांडत होते. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, “हिनं ऐकलं गा. हिनं पुरं ऐकलं.”

ती मुलगी म्हणजे सरिता वहिनी.

लग्नाच्या वेळी त्यांच्या घरच्यांनी विरोध केला, ते साहजिक होतं. वहिनींनी स्वतः जाऊन आपलं रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. वडिलांना म्हणाल्या, “बाबा, किती वर्षं मिळतील ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. पण हा माणूस माझं ऐकून घेतो.” वडील इथे आहेत. त्यांनी नंतर मंगेशला मुलासारखं केलं. शेवटच्या रात्री त्याच्या उशाशी तेच बसले होते, हे मी सांगितलंच पाहिजे.

लग्नानंतर मंगेश बदलला. चिडचिड कमी झाली. फोनवर कोणी तब्येतीबद्दल विचारलं तर सांगायचा, “तब्येतीचं सरिताले विचारा, गान्याचं मले विचारा.” आणि दुसऱ्या अल्बमची तयारी सुरू झाली. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच गोडाऊनमध्ये बसलो. पाच गाण्यांचं संगीत वाजवून झालं. ड्रम झाले, गिटार झाली, त्याचा बास झाला. आवाज तेवढा राहिला. मी म्हटलं, गाऊनच टाक. म्हणाला, “आता थंडी पडून राहिली. आवाज बसते. उन्हाळ्यात गाऊ.”

आम्ही थांबलो. थांबायलाच हवं होतं. त्याची तब्येत आम्हाला ठाऊक होती.

मंगेश गाणी लिहून ठेवत नसे. कधीच नाही. शब्द डोक्यात असायचे, आणि माईकसमोर उभा राहिला की बाहेर यायचे. आम्ही वाजवत असताना तो नुसता ओठ हलवायचा. त्याला शब्द ऐकू येत होते, आम्हाला नव्हते. तो गेल्यावर अतुलने आणि मी ती पाच गाणी लावून ऐकली. मध्ये मध्ये मोकळी जागा आहे. त्याचा बास चालला आहे, माझे ड्रम हळू झाले आहेत, कारण तिथे तो गाणार होता. कोणी तिथे काही बोलत नाही. अतुल मोठा माणूस, हमसून हमसून रडला.

मी वहिनींना विचारलं, घरात कधी गुणगुणला असेल, काही आठवतं का? वहिनी म्हणाल्या, दोन-तीन ओळी आठवतात, त्याही अर्ध्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, शोधू नका. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचे शब्द घालू नका. त्याला ते आवडलं नसतं, आणि मलाही नाही.” मायला विचारलं. माय म्हणाली, “जसं हाय तसं राहू द्या.”

म्हणून आम्ही ठरवलं आहे. उन्हाळा लागला की ती पाच गाणी आम्ही तशीच बाहेर काढू. आवाजाशिवाय. त्यात आम्ही काही घालणार नाही. कोणी ऐकलं तर ऐकलं. ऐकून वाईट वाटलं तर तसं सांगा, आम्हाला राग येणार नाही.

आता मला पुढे बोलता येत नाही. माय, वहिनी, आम्ही दोघं आहोत. रोज येऊ. तुम्ही नको म्हटलं तरी येऊ.

मंडळी, सगळ्यांनी उभं राहा. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसूनच राहा. मंगेशसाठी आपण थोडा वेळ गप्प राहू. किती वेळ ते मी सांगणार नाही, घड्याळ बघू नका.

मंगेश, गड्या, आम्ही तुझ्या आवाजासाठी जागा सोडून वाजवलं आहे. ती जागा तुझीच आहे.