गोबरगॅसचा बुजवलेला नळ

पुरवणी जबाब, दिनांक १८ फेब्रुवारी १९८३

मी विमला वसंत सरनाईक, वय ५९ वर्षे, धंदा निवृत्त शिक्षिका, राहणार गारगोटी, तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर. समक्ष हजर राहून सांगते की, कालच्या तक्रारीत मी शेजारी ज्ञानू याचे नाव घेतले होते. त्याबाबत पुढील जबाब देते.

आमच्या परसात गोबरगॅसची टाकी आहे. माझ्या यजमानांनी ती १९७८ साली बांधून घेतली. आमच्याकडे सव्वीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या झुंबरबाईचे डोळे चुलीच्या धुराने अधू झाले होते, हे कारण. तिला ते कधी सांगितले नाही. पहिल्या दिवशी शेगडीची ज्योत निळी आली. मी बेळगावला शिकले, त्या कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेत तसाच निळा दिवा असे. हे लिहिण्याची गरज नाही, असे जमादार हंबीरराव म्हणाले. मी लिहून घेण्यास सांगितले.

यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. गेल्या दिवाळीत दोनपैकी एक म्हैस मेली. एका म्हशीच्या शेणावर चहापुरताच गॅस येतो. म्हणून जानेवारीत गवंड्याकडून संडासाचा नळ टाकीला जोडून घेतला. शेगडी पुन्हा दोन्ही वेळा चालू लागली. ज्ञानू येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणे, "पावणं, बाईंच्यात च्या घ्या, पर कशावर उकळलाय ते इचारू नगा." झुंबरबाई स्वयंपाक करी, पण स्वतःची भाकरी घरून आणू लागली. मी तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. तिला समजावता आले नाही.

काल यजमानांची तिथी होती. आदल्या दिवशी झुंबरबाई म्हणाली, "उद्या सायबांचं पान हाय. त्या गॅसवरचं सायब शिवायचं न्हाईत." मी म्हटले, गॅस साहेबांनीच बसवला. ती म्हणाली, "तवा त्यात म्हशीचंच होतं की." मी आवाज चढवला. तसा मी तिच्यावर पूर्वी चढवला नव्हता.

काल सकाळी सात वाजता संडासाच्या नळाचे तोंड सिमेंटने बुजवलेले दिसले. मी तशीच ठाण्यात आले आणि ज्ञानूचे नाव दिले. त्याच्या थट्टेखेरीज माझ्याकडे काही पुरावा नव्हता.

घरी परतले तेव्हा चूल पेटलेली होती. बारा वाजता पान ठेवले. कावळा लगेच शिवला. गेल्या वर्षी तासभर थांबावे लागले होते. झुंबरबाई माझ्याकडे न बघता आत गेली. नंतर ती आमच्याकडे जेवली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांना मी खोबरेल लावले. कशाने झाले हे मी विचारले नाही. डोळ्यांना पाणी धुराचे, असे ती म्हणाली.

विचारल्यावरून सांगते की, गवंड्याचे उरलेले सिमेंट आमच्या गोठ्यात होते. किती होते, ते मी पाहिलेले नाही. जमादार म्हणाले, "मग बाई, नळ आपणहून बुजला व्हय?"

ज्ञानूला कालपासून येथे बसवून ठेवले आहे. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या बाई, च्या पाजा. आता चुलीवरचा हाय न्हवं?" त्याला सोडावे.

माझा कोणावरही संशय नाही. नळ फोडण्यास गवंडी बोलावणार नाही. दुसरी म्हैस बघण्यास सांगितले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे, आणि ते खरे आहे.