मोहरी तडतडेपर्यंत

चांगला आवाज म्हणजे कोणाच्या कानाला चांगला — एवढं सांगा ना काका, मग देतो बदलून तुमच्या स्पीकरच्या पेट्या. आठवीत शाळा सोडून या दुकानात बसलो तेव्हापासून विचारतोय. दादाला विचारलं तर तो हसायचा. कंपनीच्या माणसाला विचारलं तर त्याने डोंगरासारख्या रेघांचा एक कागद दाखवला, म्हणे हा बघ आवाज. गिऱ्हाइकाला विचारायची सोयच नाही, ते उलट आपल्यालाच विचारतं, किती वॅटचा आहे. आणि तुम्ही इंदिरानगरहून रिक्षात दोन पेट्या घालून द्वारका चौकात येता — बसा, उभे का, स्टूल पुसलंय — आणि सांगता आवाज टोचतो. टोचतो म्हणजे काय, सुई आहे का ती? तंबोऱ्याची तार कानात घुसते, सरोजिनीकाकू उठून आतल्या खोलीत जातात — जात असतील. बायका उठून आत जातात त्याला शंभर कारणं असतात काका, सगळी स्पीकरमध्ये नसतात.

नाही, दादा नाही. दादा कधी येईल म्हणजे — तो फोटो बघा ना वरती. हो, तोच. चोवीस दिवस झाले. इथेच, समोर, जेवून परत येताना, भाजीची पिकअप. असू द्या, माफी कशाला मागता, तुम्ही थोडेच चालवत होता. अमोल इलेक्ट्रॉनिक्समधला अमोल तो. मी हर्षल, धाकटा, ज्याला काही येत नाही तो. शटरवर तसं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. परवा एक जण आला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला मी नंतर येतो. नंतर म्हणजे कधी? मी गेल्यावर?

तुमच्या पेटीला काही झालेलं नाही. लिहून देतो. झालंय ते तुमच्या कानांना. रागावू नका, सगळ्यांच्याच कानांना झालंय. लोकांना आवड म्हणून काही राहिलीच नाही. तो कॉलेजवाला पोरगा येतो, त्याला बेस पाहिजे — छाती हलली पाहिजे म्हणतो, छाती हलवायची तर पळ ना गोदाकाठी. फ्लॅटवाले येतात, त्यांना सोफ्याच्या रंगाची पेटी पाहिजे, आत वूफर असला काय आणि उंदीर असला काय. आणि तुमच्यासारखे — तुमच्यासारखे सगळ्यात वाईट, स्पष्ट बोलतो — महिनाभर मोबाईलवर वाचून येतात आणि आम्हाला शिकवतात. पण स्वतःला काय आवडतं ते विचारा. सांगताच येत नाही.

दादा ते काढून घ्यायचा बरोबर. तुमच्याशी पण केलं होतं ना त्याने — घरी फरशी आहे का गालिचा, पडदे जाड का पातळ, काकूंना मोठ्याने हाक मारावी लागते का. तुम्हाला वाटलं असेल गप्पा मारतोय. तो पेटी लावत होता मनात. कोणाचं घर घुमतं, कोणाचं आवाज खातं. मग गिऱ्हाइकाचं गाणं लावायचाच नाही तो. गाणं फसवतं म्हणायचा, आवडतं गाणं डबड्यातून पण गोड लागतं. त्याचं ठरलेलं होतं — मोहरी. तुम्हाला ऐकवली असेल. आमच्या वहिनीने फोडणी दिली ती त्याने एकदा ओट्याशी उभं राहून रेकॉर्ड केली. कढईत तेल, मोहरी पडते, तडतडते, हातातल्या बांगड्या, मग चर्र करून कांदा. सगळी दोन मिनिटं. ज्या पेटीतून मोहरी घरातल्यासारखी तडतडली ती पास. नाही तडतडली तर पुन्हा खोलायची. द्वारकेवरचे बाकीचे दुकानवाले हसायचे, अमोल स्पीकरमधून स्वयंपाक करतो म्हणून. हसू देत. त्यांना तेवढं पण येत नाही.

आणा इकडे ती पेटी. आता दाखवतोच तुम्हाला. तुमच्या समोर लावतो, तुमच्या समोर मोहरी टाकतो, मग बोला. हे प्लस, हे मायनस, दुसरीचं पण तसंच. बसा तिथे, मधोमध. डोळे मिटा हवं तर. हां.

थांबा. परत लावतो.

आवाज थोडा मोठा होता म्हणून. कमी करतो. ऐका.

काय बघता माझ्याकडे? मला काय ऐकू येत नाही का? येतं. कांदा नाही तो, पत्र्यावर खिळे ओतल्यासारखं चाललंय. बांगड्या तर दातात जातात. बंद करतो.

ही राहिली होती. तुमची एक जोडी राहिली. तुम्ही दोनच्या पुढे या म्हटलं होतं मी, फोनवर स्वतः सांगितलं होतं, आणि तुम्ही साडेबाराला येऊन उभे राहिलात, दादा जेवायला जायच्या आधी. त्याने स्वतःच्या हाताने रिक्षात ठेवल्या. मी काय म्हणणार होतो तेव्हा, तुम्हीच सांगा — थांब दादा, अजून माझं काम बाकी आहे?

माझं काम म्हणजे — तो पेचकस द्या जरा, तुमच्या पायाशी आहे. मागची पाटी काढायची. हे बघा आत, ही तार वरच्या छोट्या ट्विटरला जाते, बारीक आवाज तोच काढतो. या तारेत हा पांढरा रेझिस्टन्स टाकला, खडूच्या तुकड्याएवढा, की ट्विटर खाली बसतो. टोचत नाही. दीड वर्ष हेच केलं मी. तो एक ते तीन घरी जायचा, जेवायचा, पडायचा. तेवढ्यात मी पेटी खोलायची, हे टाकायचं, परत पाटी लावायची. एकदा पास केलेली पेटी तो पुन्हा ऐकायचा नाही. चौदा जोड्या केल्या. चौदातल्या एकाची तक्रार नाही. शहरात नाव काय — अमोलचा हात, अमोलचा कान.

कान गेला होता त्याचा. म्हणजे सगळा नाही. बोललेलं समजायचं, ओठांकडे बघायचा, निम्मं तिथून घ्यायचा. पण बारीक आवाज गेले. मोहरी गेली. तो बिचारा ट्विटर वाढवत न्यायचा, वाढवत न्यायचा, ती तडतडेपर्यंत. आणि मला म्हणायचा, हर्षा, आजकाल माल हलका येतो रे, ट्विटर बोलतच नाहीत. मी म्हणायचो, हो दादा, हलका येतो.

डॉक्टरकडे नेता आलं असतं, तोंडावर दिसतंय तुमच्या. काय म्हणून नेणार? गवंड्याला सांगायचं का तुझे हात तपासून ये? आणि ऐका, मुळात गेला कशाने — डीजे माझा होता. तीन वर्षं चालवला. मला त्यातलं घंटा कळत नव्हतं, स्पीकरची भिंत उभी करायची नि बटण दाबायचं एवढंच. बाकीचं लावायला दादा. प्रत्येक वरातीआधी त्या भिंतीसमोर हातभर अंतरावर उभा राहायचा, हात वर करून — वाढव, अजून वाढव. कानात कापूस घाल म्हटलं तर म्हणायचा, मग ऐकू काय? घरी येऊन उशीखाली डोकं घालून पडायचा. भिंत मी विकली, पण उशिरा.

झालं. ऐका आता. बसली ना? हां. हीच मोहरी. सरोजिनीकाकूंना सांगा, बसा आता बाहेर. उचला. नाही, काही देऊ नका, तुमची पेटी तुम्हाला दिली, उपकार नाही केले. रिक्षा दारातच मिळेल.

आणि त्या कानाचं कुठे बोलू नका. तुम्ही पाच-पन्नास लोकांत उठता बसता, तिथे नाही बोलायचं. आमच्या वहिनीला पण माहीत नाही. मी पोलिसांसमोर नाही बोललो तर तुम्ही कोण? तो पिकअपवाला, केरू, हरसूलकडचा, त्याची गाडी अजून चौकीच्या आवारात आहे. बायको आली होती त्याची, या पायरीवर बसली तासभर, मी पाणी पण नाही विचारलं. जा तुम्ही. उभे का राहिलात? साहेबांनी विचारलं, तू दारात होतास, गाडीने हॉर्न दिला का. दिला होता. तीनदा. तिसरा तर संपेच ना, समोरच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली, दादाने मान पण वळवली नाही. मी म्हटलं, नाही दिला साहेब, दिला असता तर माझ्या दादाने ऐकला असता, त्याच्यासारखा कान नाशकात नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.