केसपेपर सुनेच्या नावावर

“सुनेच्या नावावर काढा केसपेपर. तिला कुठे निवडून यायचंय?” — हे मामांचं वाक्य आहे डॉक्टर, शब्दाला शब्द, पदरचं काही घालत नाहीये. मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. लग्नाला सहा आठवडे झालेले, त्या घरात दार वाजवून आत जायचं की नुसतं खाकरायचं एवढंसुद्धा मला अजून उमगलेलं नव्हतं — आणि आत माझं नाव चाललेलं. सासूबाई म्हणाल्या, “तिला विचारायला नको का?” मामा म्हणाले, “सांगू की.” विचारणं आणि सांगणं यातला फरक मला त्या दिवशी ट्रे हातात धरून कळला. चहा गार झाला, मी तो परत नेऊन गरम केला आणि मग वाजवूनच आत गेले... नाही, तुम्ही लिहू नका. पेन ठेवा जरा खाली. पाच महिने मी बोलतेय आणि तुम्ही लिहिताय, आणि त्यातलं माझं काहीच नाही. म्हणजे — वजन माझं. पाळीचं विचारलंत, ते माझं. त्या प्रश्नाला केवढी पंचाईत झाली होती माझी, आठवतंय? मी घोकून आले होते त्यात ते नव्हतंच. बाकी सगळं त्यांचं. बाबांचं. माझ्या सासऱ्यांचं.

हो, तेच. पहिल्या दिवशी आडनाव वाचून तुम्ही चष्म्यावरून बघितलंत — “त्यांच्या घरातल्या का?” — त्यांच्याच. तीनदा निवडून आलेले, आता चौथ्यांदा उभे राहणारे, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीवरून हसणारे. बाहेर बाकावर दोन माणसं बसलीत ना, त्यातले मांडीवर ब्रीफकेस धरून बसलेले ते मामा — बाबांचे सचिव. तसे कोणाचेच मामा नाहीत, पण आमच्या घरात पानही त्यांना विचारून हलतं. शेजारी सासूबाई. पेशंटच्या काळजीने दर खेपेला सोबत येतात असं तुम्हाला वाटत असेल. येतात काळजीनेच, फक्त पेशंट कोण त्यात घोळ आहे.

मामांचा हिशोब सरळ होता. छातीत कळ आली असती तर आपणच कॅमेरे बोलावले असते. गुडघा बदलला तर लोक भेटायला येतात, येताना फळं आणतात. पण डोक्याच्या डॉक्टरच्या जिन्यात साहेबांचा एक फोटो निघाला की तिकीट गेलं, आणि तिकीट गेलं की साहेब गेले. सून काय — नवीन आहे, रुळतेय, नव्या मुलींना होतं असं. होतं ना? तुम्हीच म्हणालात की पहिल्या दिवशी. “माहेरची आठवण येते का?” असं तुम्ही इतक्या मायेने विचारलंत की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि ते तुम्ही लिहून घेतलंत. तेवढं एक पाणी माझं, तेही तिसऱ्याच्याच खात्यात गेलं. नवरा? चांगला आहे हो नवरा. तो म्हणाला, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, बाबांसाठी एवढं कर. मी केलं. मला तसं फार बोलायची सवय नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाला लोक हो म्हणालेलंच धरतात.

पद्धत अशी असायची — दर दुसऱ्या बुधवारी जेवणं झाली की बाबा मला ऑफिसच्या खोलीत बोलवायचे. दार लावायचे, खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि पत्र सांगावं तसं सांगायचे. “लिहून घे. झोप समाधानकारक नाही. भूक बेताची. कामात लक्ष लागण्याबाबत अडचण.” बाबत! मला हसू आवरेना पहिल्यांदा. जणू कुठल्या खात्याला अर्ज करतायत. मी लिहायचे, ते वाचून बघायचे, दुरुस्त करायचे आणि म्हणायचे, आता पाठ कर. मग मी इथे येऊन सगळं माझं म्हणून तुम्हाला म्हणून दाखवायचे, तुम्ही काय बोललात ते खाली गाडीत बसलेल्या बाबांना जाऊन सांगायचे. हो, खालीच असतात. दर वेळी. काळ्या काचांच्या गाडीत, मागच्या सीटवर, मुलीच्या निकालाला आलेल्या बापासारखे. आत्तासुद्धा आहेत. ड्रायव्हर आहे सोबत, आज मी त्याला खास सांगून आलेय, मी येईपर्यंत जागचा हलू नकोस, लघवीलासुद्धा जाऊ नकोस म्हणून. का ते सांगते. सांगायलाच बसलेय.

तर — पहिले दोन महिने अर्जच चालला होता. मग एका बुधवारी ते खिडकीपासून वळले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, “हे लिहू नकोस. नुसतं ऐक.” आणि मला मास्तरांचं सांगितलं. तुम्हाला आठवत असतील मास्तर, दोन निवडणुकांपूर्वी बाबांच्या विरोधात उभे होते, शाळेत शिकवायचे आधी. त्यांची औषधाची चिठ्ठी कोणीतरी फोडली. कोणीतरी म्हणजे — मी विचारलं नाही, आणि मामा खोलीत नव्हते. त्या चिठ्ठीच्या प्रती विजेच्या खांबांवर चिकटल्या आणि बाबा भर सभेत म्हणाले, “ज्याला स्वतःचं डोकं ताळ्यावर ठेवता येत नाही, तो आपला भाग काय ताळ्यावर आणणार?” मामा अजून कौतुकाने सांगतात, मिनिटभर हशा. घड्याळ लावलं होतं म्हणे. मास्तर पडले, महिन्याभरात घर बंद करून कुठे निघून गेले, आणि पुढच्या वर्षी वारले. कसे वारले ते कोणी बोलत नाही — म्हणजे कसे वारले ते सगळ्यांना माहीत आहे.

ते आता तिसऱ्या रांगेत बसतात, डॉक्टर. सभा कुठलीही असो, हॉल कुठलाही असो. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशावर खडूचा डाग. बाबा म्हणाले, “तो काही म्हणत नाही. बाकीचे हसतात तेव्हा हसत नाही, एवढंच. लक्ष देऊन ऐकतो. चांगला विद्यार्थी ऐकतो तसा.” मी विचारलं, हे डॉक्टरांना सांगू? म्हणाले, सांग. पण मी कशी सांगणार? मी कुठे सभा घेते? मला कुठली तिसरी रांग? म्हणून मी माझ्या अकलेने बदल केला — आमच्या स्वयंपाकघरात एक स्टूल आहे, वरचे डबे काढायला — मी तुम्हाला म्हटलं, त्या स्टुलावर एक माणूस बसलेला दिसतो. तुम्ही शांतपणे विचारत गेलात, कधी दिसतो, काही बोलतो का, ओळखीचा वाटतो का, आणि मी उत्तरं देत गेले, शर्ट सांगितला, खडू सांगितला. आणि खरं सांगू? — हे मी कोणाला सांगणार नव्हते — तेव्हापासून मी त्या स्टुलावर चढत नाही. वरच्या फळीवरचं काही लागलं तर खुर्ची ओढते. दिसत काही नाही. पण रिकामं आहे असंही वाटत नाही. एखादी गोष्ट पाच-सहा वेळा “मला” म्हणून सांगितली की ती थोडी आपलीच होऊन बसते.

आणि घरात तर मी पक्की आजारी झालेय. सासूबाई पाहुण्यांना हळू आवाजात सांगतात, “सुनेची तब्येत जरा नाजूक आहे” — आणि बोट डोक्याकडे जातं. माझी आई येऊन गेली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “लहानपणी किती हसायचीस गं तू.” मी काय सांगणार तिला? नवरा माझ्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसा बोलतो, आणि त्यालाच माहीत आहे की मला काही झालेलं नाही, तरी. आता मी भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तरी टेबलाभोवतीची सगळी एकमेकांकडे बघतात. तुम्हीही आत्ता तसंच बघताय. बरोबर आहे तुमचं. पेशंट एक दिवस येऊन म्हणते, पेशंट मी नाहीच — तुमच्या पुस्तकात याला नाव असेल. म्हणून ही वही आणलीय. अक्षर माझं आहे, पण या कडेच्या दुरुस्त्या बघा, हिरव्या शाईतल्या. इथे मी “भीती” लिहिलं होतं, ते खोडून “अस्वस्थता” केलंय. इथे “रडू येतं” होतं — ते नुसतंच खोडलंय, जागी काही लिहिलेलं नाही. आणि खाली सवयीने सहीसुद्धा केलीय, ही बघा बाबांची सही, त्यांच्या कुठल्याही पत्राशी पडताळून बघा. आणि गोळी — तुम्ही माझा हा काडीचा जीव बघून अर्धी गोळी लिहिलीत. ती नव्वद किलोच्या माणसाच्या पोटात जाते, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांबरोबर, ज्या तुम्हाला माहीतही नाहीत. मागच्या आठवड्यात ते जिन्यात झोकांडी खाऊन बसले. मामांनी सांगितलं, साहेबांना दगदग झालीय.

आता येत्या शनिवारचं. मी आजारी असल्याची बातमी बाहेर फुटली. विरोधकांनी उचलली. मला वाटलं आता मामा घाबरतील, पण मामा खूश झाले. म्हणाले, हे तर सोनं आहे. शनिवारी मोठ्या हॉलमध्ये साहेब मानसिक आजारावर बोलणार, लाज कसली त्यात, माझ्या घरात आहे, माझ्या लेकीसारख्या सुनेला आहे आणि मी तिच्या पाठीशी उभा आहे. मी व्यासपीठावर बसायचं. फिकट रंगाचे कपडे. शक्यतो खाली बघायचं. भाषण मामांनी लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय हो, वाचून मलासुद्धा माझी दया आली. काल संध्याकाळी बाबांनी ते माझ्यासमोर वाचायला घेतलं, सरावाला. “ही माझी सून” इथपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मी त्याला हसलो, आणि आता तुला पुढे करतोय. तो बघतोय.”

आज बुधवार. दुपारी बोलावलं. मी वही उघडून बसले. बाबा आज खिडकीकडे गेलेच नाहीत, टेबलाशीच बसले. मग म्हणाले, “आज एवढंच सांग. आता बंद करायचंय म्हणावं.” मी विचारलं, गोळ्या बंद करायच्यात? तर मान हलवली. नाही म्हणून. आणि खण उघडून मला चाव्या दाखवल्या. घरातल्या सगळ्या. ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल कुठल्या कपाटात असतो ते ठाऊक नाही, त्याने प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधलीय. वरचं कपाट. गच्ची. सौभाग्यवतींची पेटी. सगळं हिरव्या शाईत, सुवाच्य. म्हणाले, “तुला माहीत असू दे. ह्या घरातल्यांना काही सापडत नाही.”

मी “बरं” म्हटलं. मी नेहमी बरं म्हणते. गाडीत येताना पाठ करत होते — आता बंद करायचंय, आता बंद करायचंय — आणि सिग्नलला कळलं, डॉक्टर, की हे मी तुम्हाला माझं म्हणून सांगितलं तर तुम्ही काय कराल. तुम्ही चांगले डॉक्टर आहात. तुम्ही मला घरी सोडणार नाही. माझ्या चपला काढून घ्याल, ओढणी काढून घ्याल, दाराशी नर्स बसवाल. आणि बाबा गाडीत बसून घरी जातील. त्या खणाकडे.

येतील का वर? माहीत नाही. उतरताना मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी काच खाली केली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

हो. बोलवा बाहेरच्या दोघांना, सासूबाईंना आणि मामांना. वाजवा घंटी. मला जमेल की नाही सांगता येत नाही, पण वाजवा.

या आई. बसा. मामा, दार राहू द्या उघडं — नाही, मला काही झालेलं नाही. घाबरलेली नाहीये मी, आणि गोळीही चुकवलेली नाही, मी कधी घेतलीच नव्हती. आई, “हिचं मनावर घेऊ नका” असं डॉक्टरांना सांगू नका, मला ऐकू येतंय. मामा, हळू नाही बोलणार. बाकावरच्या लोकांना जे ऐकू जायचं ते जाऊ दे. मी आजारी नाही. बाबा आजारी आहेत. त्यांना जगावंसं वाटत नाहीये, आणि ते खाली गाडीत बसून माझी वाट बघतायत.