चालू यंत्राला हार

अरे, तुमचा कंप्युटर पाच मिनिटं अडकला तर तुम्ही बोंबा मारता. माझे सहा दिवस एका झेंडूच्या हाराने खाल्ले.

मी तेव्हा सतरा वर्षांची, परळच्या एका लॅबमध्ये शिकाऊ. चाळीस माशांची जनुकं जुळवून त्यांची वंशावळ काढायचा माझा प्रोग्रॅम सहा दिवस चालू होता. सोमवारी निकाल दाखवला नसता, तर माझी जागा दुसऱ्याला मिळणार होती.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी येऊन बघते, तर स्क्रीन काळी, वर हळदकुंकू आणि हार. आमचे शिपाई सावंतमामा पेढे वाटत होते. गिरण्यांच्या संपाआधी ते लालबागच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते.

"मामा, बंद कोणी केला?"

"मी."

"बंद करू नका अशी चिठ्ठी लावली होती ना!"

"वाचली. पण चालू यंत्राक हार घालनत नाय गो."

"का?"

त्यांनी पेढ्यासकट उजवा हात पुढे केला. दोन बोटं नव्हती. तीन महिने रोज बघत होते, विचारलं कधीच नव्हतं.

"हार साच्यात ओढलो गेलो. मी काढूक गेलो."

मी पेढा घेतला आणि लॅबच्या सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"मध्ये कुठेच सेव्ह केलं नव्हतंस? मग हाराला कशाला बोलतेस? सोमवारऐवजी पुढच्या सोमवारी दाखव."

तेव्हापासून माझा प्रत्येक प्रोग्रॅम आपलं काम तासातासाला आपोआप सेव्ह करतो. त्या भागाचं नाव मी 'दसरा' ठेवलंय. माझे प्रोग्रॅम वापरणारे परदेशातले लोक विचारतात, ही पद्धत कोणाची?

मी सांगते, सावंतांची.