‘येते’ म्हणायचं

जालन्याला मेंदूच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीची पोरगी आत मशीनवर होती.

“कितवीला हाय?”

“नववीला. शीतल नाव. ऑटिझम हाय तिला. वाटूरहून आणते.”

“डोक्याला करंट देतात म्हणं?”

“हलकासा. त्याच्यासंग मॅडम चारचौघांत बोलायचं शिकवतात.”

“फरक पडला का?”

“पडला की. आधी कोणाच्याही घरून निघताना ‘जाते’ म्हणायची. ‘येते’ म्हण म्हणलं, तर म्हणायची, मी परत येणार न्हाई, मंग खोटं कशाला बोलू? पाहुण्यांसमोर मारलं मी तिला त्याच्यापायी.”

“तिला काय कळतंय.”

“मी कामाला जाताना ‘येते’ म्हणायचे. ती उंबऱ्यावरच बसून राहायची, मी येईपर्यंत. जेवायची बी न्हाई. मी चिडायचे. म्हणायचे, अगं, ते नुसतं म्हणायचं असतं.”

“आन् आता?”

“आता बराबर कळलं तिला. सगळ्यांना हसून ‘येते’ म्हणती.”

“मंग बरंच झालं.”

“बरंच झालं. काल मला यायला उशीर झाला. ती जेवून टीव्ही पाहत बसली होती. मंग मीच बसले जराशी, उंबऱ्यावर.”